अपघाताचा रिपोर्ट कसा वाचायचा आणि गावाजवळच्या ब्लॅक स्पॉटचा तपास कसा करायचा

पेपरात रोज एक तरी बातमी असतेच, चालकाचा ताबा सुटल्याने गाडी झाडावर आदळली, इतके ठार तितके जखमी, आणि बातमी तिथंच संपते. पण ताबा सुटला हे कारण नाही हो, काय झालं एवढंच त्यात सांगितलंय. ताबा का सुटला, सुटला तर सुटला पण माणसं मेलीच का, आणि याच जागी आधी असं काही झालं होतं का, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि खरा तपास तिन्हीची उत्तरं शोधतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हा सरकारचाच आकडा. विमान पडलं की जाडजूड रिपोर्ट येतो, रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा पंचनाम्याची दोन-चार पानं येतात. म्हणून मला मनापासून वाटतं की विमान आणि रेल्वेवाले तपास कसा करतात ते तुम्हीआम्ही शिकून घ्यावं आणि तीच पद्धत आपल्या घराजवळच्या ब्लॅक स्पॉटला, म्हणजे पुन्हा पुन्हा अपघात होणाऱ्या जागेला लावावी. यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही, वही लागते आणि चिकाटी लागते.

पोलीस तपास वेगळा, सुरक्षा तपास वेगळा

ही गोष्ट आधी पक्की करा, नाहीतर पुढचं सगळं वाकडं जाईल. पोलीस शोधतात गुन्हा कुणाचा, विमा कंपनी शोधते पैसे कुणी द्यायचे, आणि सुरक्षा तपास शोधतो की पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं. विमानांसाठी जगभर जो नियम आहे, आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संस्थेचा ॲनेक्स १३, त्यात स्पष्ट लिहिलंय की तपासाचा हेतू फक्त अपघात टाळणं हाच, दोष ठरवणं हा नाही. यामागे साधा व्यवहार आहे. आपण जे सांगू त्यावरून आपल्यालाच आत टाकतील असं वाटलं की कुणी खरं सांगत नाही, आणि खरं कळलं नाही की तीच चूक दुसरा माणूस दुसऱ्या ठिकाणी करतो. दोषीला शिक्षा होऊ नये असं कुणी म्हणत नाहीये, तिचं काम कोर्टात चालू राहतंच, फक्त दोन्ही कामं एकाच टेबलावर आणायची नाहीत.

दुसरं म्हणजे तपास करणारा आणि ज्याचा तपास चाललाय तो एकाच घरातले नसावेत. रेल्वे अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली येत नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विमानांसाठी एएआयबी, म्हणजे विमान अपघात तपास ब्युरो, ही वेगळी संस्था २०१२ साली झाली, त्याआधी मोठा अपघात झाला की त्यापुरतं चौकशी न्यायालय नेमायचे. रस्त्यांसाठी मात्र अशी कायमची स्वतंत्र तपास संस्था आपल्याकडे नाही आणि मला तरी हीच सगळ्यात मोठी उणीव वाटते.

पहिला रिपोर्ट कोणता घ्यायचा

एएआयबीच्या वेबसाइटवर फायनल रिपोर्ट फुकट मिळतात, तिथून सुरुवात करा. माझा सल्ला, मंगळूरचा घ्या. २२ मे २०१० ला सकाळी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ रनवेच्या टोकावरून दरीत गेलं, १६६ पैकी १५८ जण गेले, ८ वाचले. त्याच्या चौकशीचे प्रमुख होते एअर मार्शल भूषण गोखले, हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख.

रिपोर्टचे चार भाग असतात, आधी नुसती माहिती, मग विश्लेषण, मग निष्कर्ष, मग शिफारशी. सगळे जण थेट निष्कर्षावर उडी मारतात, तुम्ही मारू नका. आधी माहितीचा भाग वाचा, वहीत वेळेनुसार एकाखाली एक लिहून काढा काय काय घडलं, आणि मग स्वतःच्या मनानं त्या तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. त्यानंतरच निष्कर्ष उघडा. असे दोन-तीन रिपोर्ट वाचलेत की डोळा तयार होतो.

मंगळूरचंच बघा. निष्कर्षातली मूळ कारणाची ओळ आहे की कॅप्टननं चुकीचा अप्रोच, म्हणजे उतरण्यासाठी खाली येणं, सोडून दिला नाही, को-पायलटनं तीनदा गो-अराउंड म्हणजे पुन्हा वर चला म्हणून सांगितलं, विमानातली यंत्रणा ओरडत होती, तरी उतरवलं. इथं थांबलात तर कॅप्टनची चूक एवढंच हाती लागतं. आता माहितीच्या भागात जा. कॉकपिटच्या रेकॉर्डरवर दोन तास पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं आणि त्यातला पहिला सुमारे एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेले होते. उठल्यावर डोकं पूर्ण ताळ्यावर यायला वेळ लागतो आणि पहाटे शरीर तसंही सुस्तच असतं, पण उठणं आणि उतरवणं यात वेळच फार कमी राहिला. मंगळूरचं रडार त्या दिवशी बंद होतं म्हणून खाली यायची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा, म्हणजे विमानतळाच्या जास्त जवळ आल्यावर मिळाली, आणि त्यात उतरण्याचं नियोजनही नीट झालं नाही, त्यामुळे विमान हवं त्यापेक्षा खूप उंच राहिलं. ८,०३३ फुटांच्या रनवेवर चाकं टेकली ती सुमारे ५,२०० फूट पुढे गेल्यावर. आणि को-पायलट नुसता सांगत राहिला, कंट्रोल का घेतला नाही? तर को-पायलटनं स्वतः गो-अराउंड कधी करायचा याबद्दलच्या सूचनांमध्येच गोंधळ होता, असं रिपोर्ट म्हणतो.

बघा, एका माणसाच्या चुकीतून झोप, रडार, नियोजन आणि नियमातला गोंधळ अशा चार गोष्टी निघाल्या आणि चारही सुधारता येण्यासारख्या आहेत. माणूस बदलून पुढचा अपघात टळत नाही, या चार गोष्टी बदलल्या तर टळू शकतो.

आता दुसरा प्रश्न, मेले का. रिपोर्ट सांगतो की उतरल्यावर लगेच पूर्ण ताकदीनं ब्रेक आणि रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे वेग कमी करायला इंजिनाचा उलटा जोर, लावला असता तर विमान रनवेपुढच्या पक्क्या पट्टीत थांबू शकलं असतं. पण रिव्हर्स लावल्यानंतर पुन्हा उडायचा प्रयत्न झाला, मग उजवा पंख रनवेपुढच्या लोकलायझर अँटेनाच्या, म्हणजे विमानाला रनवेची दिशा दाखवणाऱ्या यंत्राच्या, काँक्रीटच्या बांधकामाला धडकला आणि विमान दरीत गेलं. म्हणून शिफारशींमध्ये पायलटांच्या प्रशिक्षणाबरोबर रनवेच्या टोकाला मोकळी सुरक्षित जागा ठेवा, तिथली बांधकामं धडकल्यावर सहज मोडतील अशी करा, हेही आहे. आणि स्वतंत्र तपास संस्था करा हीसुद्धा त्यातलीच शिफारस, दोन वर्षांनी एएआयबी झाली ती त्यानंतर.

मंगळूर वाचून झालं की लगेच कोझिकोडचा रिपोर्ट घ्या, मध्ये दुसरं काही वाचू नका. ७ ऑगस्ट २०२०, तसंच टेबलटॉप रनवे, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरचा आणि टोकाला दरी असलेला, तीच कंपनी, त्याच जातीचं विमान, पाऊस, मागून वारा. २१ जण गेले, त्यात दोन्ही पायलट. इथंही विमान रनवेच्या अर्ध्यात जाऊन टेकलं, इथंही दुसऱ्या पायलटनं गो-अराउंड म्हटलं, इथंही त्यानं कंट्रोल घेतला नाही. दहा वर्षांनी पुन्हा तेच! पण खोलात गेलं की दिसतं, पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनाच कोझिकोडहून फ्लाइट करायची होती कारण त्या बेसवर पुरेसे कॅप्टनच नव्हते. दुसऱ्या विमानतळावर जाऊन उतरलो तर सकाळची ड्युटी कोण करणार, हा ताण ड्युटी लावणाऱ्यांच्या टेबलावर तयार झाला होता, आणि रिपोर्टनं कंपनीच्या मनुष्यबळ धोरणावर बोट ठेवलंय. हे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले की शिफारस लिहिणं आणि ती कॉकपिटपर्यंत पोचणं यात किती अंतर असतं ते कळतं आणि खरं सांगायचं तर राग येतो.

एक सावधगिरी. प्राथमिक रिपोर्ट आणि फायनल रिपोर्ट यात गल्लत करू नका. प्राथमिक रिपोर्ट साधारण ३० दिवसांत येतो आणि त्यात फक्त सापडलेली माहिती असते, कारण नसतं. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघाताचा प्राथमिक रिपोर्ट महिन्यानं आला, त्यात होतं की उडाल्यावर लगेच दोन्ही इंजिनांचे फ्युएल स्विच एका सेकंदाच्या अंतरानं रनवरून कटऑफवर, म्हणजे इंधन बंदवर, गेले, आणि एका पायलटनं दुसऱ्याला तू बंद का केलंस असं विचारलं तर दुसरा म्हणाला मी नाही केलं. एवढंच होतं. स्विच का आणि कसे गेले हे त्यात लिहिलेलं नव्हतं, पण तासाभरात टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर निकाल लागून मोकळे. ज्या घरातली माणसं गेलीत त्यांच्या कानावर हे जातं याचं तरी भान ठेवायला हवं होतं.

पुरावा कसा गोळा करतात

तपासवाल्यांचा पहिला नियम म्हणजे जे आधी नाहीसं होईल ते आधी गोळा करायचं. लोखंड कुठं पळून जात नाही, पण टायरचे वळ एका पावसात जातात, सांडलेल्या तेलावर माती टाकतात, क्रेन येऊन गाड्या ओढून नेते, आणि माणसांची आठवण तर दुसऱ्या दिवशीच्या बातम्या बघून बदलायला लागते. म्हणून आधी फोटो, मापं, नकाशा, मग बाकीचं.

विमानात ब्लॅक बॉक्स असतो, रंग भगवा-नारिंगी कारण मलब्यात पटकन दिसावा. त्यात दोन वेगळी रेकॉर्डिंग असतात, एक विमानाची आकडेवारी आणि दुसरं कॉकपिटमधला आवाज. पाण्यात पडला तर त्याला जोडलेला बीकन किमान ३० दिवस आवाज सोडत राहतो, नव्या नियमात ९० दिवस. पण नुसत्या ब्लॅक बॉक्सवर कुणी निकाल काढत नाही. तुटलेल्या धातूचा काठ भिंगाखाली बघितला की तो एका झटक्यात तुटला की रोज थोडा थोडा चिरत गेला होता ते कळतं. जुन्या विमानांमधल्या वॉर्निंग लाइटच्या बल्बची तारसुद्धा बोलते, धडकेच्या क्षणी दिवा चालू असेल तर गरम तार ताणली जाऊन लांबते, बंद असेल तर तशी लांबत नाही. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

चिरत जाण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण कॉमेट या ब्रिटिश जेट प्रवासी विमानांचं. १९५३ च्या मे महिन्यात एक कॉमेट कोलकात्याहून उडाल्यावर काही मिनिटांत वादळात तुटून पडलं, दोष वादळाला गेला. मग १९५४ मध्ये इटलीजवळ समुद्रावर तीन महिन्यांत दोन विमानं हवेतच फुटली आणि तिथं वादळ नव्हतं. ब्रिटिश तपासवाल्यांनी फार्नबरोला एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि आत पाण्याचा दाब देऊन सोडून, देऊन सोडून हजारो उड्डाणांचा ताण तयार केला, शेवटी पत्रा फाटला. उंचीवर जाताना केबिन फुगते, खाली येताना सैल पडते, आणि त्यानंच धातू थकला होता. आता यात शिकायचं काय, तर पहिलं पटणारं कारण मिळालं म्हणून तपास थांबवायचा नाही. आणि शंका आली तर तीच परिस्थिती पुन्हा तयार करून बघायची.

तिसरा प्रश्न सगळ्यात दुर्लक्षित

आधी असं झालं होतं का? २ जून २०२३ ला बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता आणि रूळ बदलणारा पॉइंट मात्र बाजूच्या लूप लाइनला लागलेला होता, गाडी उभ्या मालगाडीवर गेली, तीनशेच्या आसपास माणसं गेली. पहिले दोन दिवस घातपात, ड्रायव्हर, काय काय चर्चा चालली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं की सिग्नलच्या सर्किटमध्ये आधी केलेल्या बदलात चूक राहून गेली होती आणि लेव्हल क्रॉसिंगचं इलेक्ट्रिक बॅरिअर बदलायचं काम करताना पुन्हा चूक झाली. आणि यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे खडगपूर विभागातच १६ मे २०२२ ला, म्हणजे वर्षभर आधी, चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार झाला होता. तेव्हा कुणी मेलं नाही. त्या वेळी धडा घेऊन सगळीकडे तपासणी झाली असती तर बहानगा टळलं असतं, असं आयुक्तांचंच म्हणणं आहे.

म्हणून जिथं थोडक्यात वाचलो असं होतं ना, ती घटना अपघाताइतकीच नोंदवायची. अमेरिकेत १९७६ पासून नासा अशी एक व्यवस्था चालवतं जिथं पायलट, कंट्रोलर नाव उघड न होता आपल्या हातून झालेली गफलत कळवू शकतात. आपल्या रस्त्यांवर ही नोंद कुणीच करत नाही, पण ती माहिती असते. टपरीवाल्याकडे असते, पंक्चरवाल्याकडे असते, रोज दूध घालायला जाणाऱ्याकडे असते.

चांगली शिफारस कशी ओळखायची

१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी जंबो आणि कझाकस्तानचं विमान हवेत धडकलं, दोन्हीतले मिळून ३४९ जण गेले, एकही वाचलं नाही. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते आणखी खाली आलं. न्यायमूर्ती लाहोटी आयोगानं कझाक चालकदलाची चूक सांगितलीच, त्या विमानात रेडिओवर बोलणारा वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे ही अडचणही पुढे आली. पण त्यानंतर जे बदललं ते बघा. दिल्लीला येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे केले, आधी दोन्ही एकाच पट्ट्यातून जायची. विमानाची उंची दाखवणारं रडार आलं. आणि भारतात उडणाऱ्या मोठ्या विमानांना टीकॅस सक्तीचं झालं, म्हणजे दोन विमानं एकमेकांवर येऊ लागली की ती यंत्रणा एका पायलटला वर जा आणि दुसऱ्याला खाली जा असं सांगते.

यातली एकही गोष्ट पायलटांनी दक्ष राहावं अशा छापाची नाही. हीच कसोटी लावा. ज्या शिफारशीत माणसानं अजून काळजी घ्यावी एवढंच आहे ती शिफारस नाही, ती प्रार्थना आहे. माणूस थकणार, चुकणार, त्याचं लक्ष उडणार हे धरून चाललं आणि तरी माणूस मरणार नाही अशी सोय केली तर ती खरी शिफारस.

आता आपल्या रस्त्याकडे

जागा निवडताना नुसतं ऐकीव धरू नका. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी असलेले ५ अपघात किंवा एकूण १० मृत्यू झाले की सरकारच्या व्याख्येत तो ब्लॅक स्पॉट होतो. तुमची जागा यादीत आहे का ते जिल्ह्याच्या वाहतूक शाखेला किंवा पीडब्ल्यूडीला विचारा, दाद नाही दिली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. अर्जात फक्त त्या पट्ट्यातल्या तीन वर्षांच्या अपघातांची तारीख, वेळ, वाहनांचे प्रकार, मृत आणि जखमींची संख्या एवढंच मागा, कुणाची नावं मागू नका, ती आपल्याला लागतही नाहीत आणि त्यावरून अर्ज अडतो. पोलीस आता अपघाताची नोंद आयरॅड नावाच्या ॲपवर करतात, ते सुरू झालं तेव्हा पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता, त्यामुळे अलीकडची माहिती नसतेच असं उत्तर पटवून घेऊ नका.

माहिती आली की मोठ्या कागदावर त्या जागेचा नकाशा काढा, वळण, फाटा, डिव्हायडरची तोंडं, बसथांबा, ढाबा, झाडं, खांब, सगळं. मग प्रत्येक अपघात बाणानं दाखवा, कोण कुठून येत होता, कुठं धडकला, आणि बाजूला वेळ लिहा. दहा-बारा बाण झाले की कागदच बोलायला लागतो. सगळे बाण एकाच दिशेचे असतील तर त्या बाजूनं येताना काहीतरी दिसत नाहीये. सगळ्या वेळा संध्याकाळी सहा ते आठ असतील तर उजेडाचा किंवा समोरच्या सूर्याचा प्रश्न बघा. सगळे जून ते सप्टेंबरमधले असतील तर पाणी साचतंय का ते बघा. पहाटे तीन-चारला मागून उभ्या ट्रकवर धडका असतील तर ट्रक तिथं का थांबतात हे शोधा, चहाची टपरी आहे, की टोलची रांग, की पुढं पार्किंगच नाही.

त्यानंतर जागेवर जा, आणि अपघात ज्या वेळी होतात त्याच वेळी जा, रविवारी सकाळी अकराला जाऊन काही दिसणार नाही. स्वतःची काळजी घ्या, चमकणारं जॅकेट घाला, रस्त्यावर उभं राहून मापं घेऊ नका, गार्डरेलच्या बाहेर राहा, दोघं जा म्हणजे एकानं येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवायचं. एक्स्प्रेसवेवर पायी जायला बंदी आहे, तिथं हे करूच नका.

गाडी चालवणाऱ्याला काय दिसतं ते बघायचं असेल तर मोबाइल जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर धरा, कारमधल्या माणसाचा डोळा साधारण तिथं असतो, आणि धोक्याच्या जागेपासून मागं मागं सरकत फोटो काढा. आपण उभं राहून बघतो तेव्हा झुडपाच्या वरून दिसतं, कारवाल्याला तेच झुडूप आडवं येतं. ताशी ८० च्या वेगाला समोरचं दिसून गाडी थांबायला साधारण १२० मीटर लागतात असं आपल्याकडचे रस्त्यांचे निकष धरतात, तुमच्या वळणावर तेवढं दिसतं का ते मोजा. मी म्हणेन बाकी काही केलं नाही तरी हे एक कराच, कारण अधिकाऱ्यांसमोर असा एक फोटो ठेवला की दहा पानी निवेदनापेक्षा जास्त काम होतं.

टायरचे वळ सापडले तर त्यावरून वेगाचा अंदाज काढता येतो. कोरड्या डांबरावर घर्षण ०.७ धरा. वळ ३० मीटर असेल तर २ गुणिले ०.७ गुणिले ९.८ (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले ३०, म्हणजे ४११ आणि थोडं वर, त्याचं वर्गमूळ सुमारे २०.३ मीटर दर सेकंदाला, त्याला ३.६ नं गुणलं की ताशी ७३ किलोमीटर. हा कमीत कमी वेग, कारण गाडी वळ संपल्यावर कशावर तरी आदळली असेल तर तेवढा वेग शिल्लक होता. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, गाड्यांचे वळ फिके असतात किंवा नसतातच, ओल्या रस्त्यावर घर्षण कमी होतं, त्यामुळे हा आकडा अंदाज म्हणूनच वापरा आणि कुणावर आरोप करायला तर अजिबात वापरू नका.

लोकांशी बोलताना चूक कुणाची असं विचारू नका. आधी काय ऐकलं, मग काय दिसलं, तुम्ही कुठं उभे होते, असं विचारा आणि मग गप्प बसा, मध्ये शब्द पुरवू नका. धडकेच्या आवाजानं वळून बघणाऱ्याला धडकेनंतरचंच दिसलेलं असतं, पण सांगताना तो आधीचंही सांगतो, खोटं बोलायचं म्हणून नाही, मन मोकळी जागा भरून काढतं म्हणून. आणि ज्या घरातलं माणूस गेलंय तिथं प्रश्न घेऊन जाऊ नका. त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील, त्यांच्या सवडीनं. जखमींचे व्हिडिओ गोळा करणं, पुढं पाठवणं, हे तर नकोच.

नऊ चौकटी

आता सगळं एका पानावर आणायचं. अमेरिकेतले डॉक्टर विल्यम हॅडन यांनी साठ-सत्तरच्या दशकात एक तक्ता दिला, अजूनही जगभर तोच वापरतात. आडव्या तीन ओळी, धडकेआधी, धडक होताना, धडकेनंतर. उभे तीन रकाने, माणूस, वाहन, रस्ता आणि आजूबाजूचं. नऊ चौकटी भरायच्या. आपली सवय अशी की पहिली चौकट, धडकेआधीचा माणूस, तीच भरभरून लिहायची, दारू पिला होता, मोबाइलवर होता, आणि बाकीच्या आठ कोऱ्या. त्या आठमध्येच जीव वाचवायची जागा असते.

१ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली, २५ जण गेले. ड्रायव्हरचं काय झालं यावर खूप लिहून आलं. पण बस डाव्या अंगावर पडली आणि दार डाव्या बाजूलाच, म्हणजे दार खाली दबलं, जे थोडे वाचले ते काचा फोडून बाहेर आले. धडकेनंतर आणि वाहन, या चौकटीत हे जातं. रात्रीच्या बसला प्रवाशांना सहज उघडता येईल असं दुसरं दार आहे का, काच फोडायची हातोडी हाताशी आहे का, हे आज संध्याकाळी बसमध्ये चढताना तुम्हीही बघू शकता.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर हेच मोठ्या पातळीवर झालं. २०१६ साली तिथं १५१ माणसं गेली होती. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेनं एमएसआरडीसी म्हणजे राज्याचं रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा यांच्याबरोबर काम सुरू केलं, अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास, उघड्या खांबांना आणि पुलांच्या काठांना बॅरिअर, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांवर कारवाई, जखमींना लवकर मदत, अशा बऱ्याच बाजूंनी. नंतरच्या वर्षांत मृत्यूंचा आकडा बराच खाली आला, वर-खाली होतो, पण १५१ वर परत गेलेला नाही. गाड्या वाढल्या, ड्रायव्हर तेच, तरी मृत्यू कमी झाले.

कागद द्यायचा कुणाला आणि कसा

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते, तिला द्या, आणि ज्याचा रस्ता आहे त्यालाही द्या, राष्ट्रीय महामार्ग असेल तर एनएचएआय म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण किंवा पीडब्ल्यूडीचा राष्ट्रीय महामार्ग विभाग, नाहीतर पीडब्ल्यूडी, जिल्हा परिषद किंवा महापालिका. ते आमच्याकडे येत नाही हे उत्तर ठरलेलं आहे, म्हणून रस्ता कुणाचा ते आधीच लेखी काढून ठेवा. निवेदन दोन पानांच्या वर नको. नकाशा, तो १.२ मीटरवरून काढलेला फोटो, तीन वर्षांचे आकडे आणि मागण्या. मागणी अशी लिहा की काम झालं की नाही ते कुणालाही बघून सांगता यावं. योग्य ती कार्यवाही व्हावी असं लिहिलंत तर योग्य ती कार्यवाही चालू आहे असंच उत्तर येणार. फाट्याच्या दोन्ही बाजूंना १०० मीटरपर्यंतची झुडपं पावसाळ्यानंतर महिन्याभरात काढा, वळणातल्या उघड्या कठड्याच्या तोंडाला बॅरिअर लावा, डिव्हायडर फोडून केलेलं बेकायदा तोंड बंद करा पण त्याआधी गावकऱ्यांना पलीकडे जायला दुसरी सोय द्या, नाहीतर आठवडाभरात ते पुन्हा फुटेल, आणि त्याला कारण गरज असते, बेशिस्त नव्हे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १९८अ कलम आलंय, रस्त्याचं डिझाइन, बांधकाम, देखभाल निकषांप्रमाणे केली नाही आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. या कलमाचा नुसता उल्लेखही निवेदनात असू द्या.

काम झालं की वही बंद करू नका. त्याच पट्ट्याचे बाण पुढची तीन वर्षं काढत राहा, आणि दोन्ही बाजूंचे तीनशे-चारशे मीटरही नकाशात घ्या, कारण कधी कधी एक तोंड बंद केलं की अपघात पुढच्या तोंडावर सरकतात आणि कागदावर मात्र ब्लॅक स्पॉट मिटलेला दिसतो. प्रत्येक नकाशावर तारीख टाका, जुना फेकू नका, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. दोन-तीन वर्षांत इंजिनिअर बदलतो, पीएसआय बदलतो, जिल्हाधिकारी तर बदलतातच, आणि नव्या माणसाला त्या वळणाचा इतिहास सांगणारा दुसरा कागद सहसा कुठल्याच ऑफिसात सापडत नाही.